गंगा स्वच्छ करायची म्हणजे काय?

आमच्या आजीच्या देवघरात तांब्याचा एक चिमुकला गडू होता. तोंड झाळून पक्के बंद केलेला. आजी-आजोबा काशीयात्रा करून आले तेव्हा आणलेला. गंगापूजन झाले, मावंदे झाले, गावजेवण झाले आणि तो गडू देवांच्या मागच्या कोपऱ्यात जाऊन बसला. तो फोडायचा एकदाच, घरातल्या कुणाच्या तरी अखेरच्या वेळी, दोन थेंब तोंडात घालण्यासाठी. आम्ही मुले तो हळूच कानाशी धरून हलवीत असू. आत पाणी डुचमळल्याचा आवाज येई. ‘आजी, इतक्या वर्षांत हे पाणी नासत कसं नाही गं?’ असे मी एकदा विचारले, तर ती म्हणाली, ‘अरे, गंगा ती! तिला कसली घाण लागतेय?’

तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या घरी असा गडू असेल, आणि आजीचे हे वाक्यही तुम्ही कुठल्या ना कुठल्या रूपात ऐकले असेल. गंमत अशी की, ह्या वाक्यात थोडे शास्त्र आहे आणि पुष्कळसा घातही आहे. शास्त्र आधी पाहू. १८९६ साली हॅन्किन नावाच्या एका इंग्रज जंतुशास्त्रज्ञाने गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू सोडून पाहिले. ते काही तासांत मेले. तेच पाणी उकळून घेतले तर मात्र हा गुण नाहीसा होई. पुढे विसाव्या शतकात शास्त्रज्ञांना जंतूंना खाणारे विषाणू सापडले, आणि हॅन्किनच्या निरीक्षणाचा उलगडा त्यांच्यामुळे होऊ लागला. तेव्हा आजी अगदीच चुकत नव्हती. पण हॅन्किनच्या वेळची गंगेकाठची गावे आणि आजची शहरे ह्यांत महदंतर आहे. पाच माणसांना पोसणाऱ्या घरात पन्नास पाहुणे येऊन राहिले, तर अन्नपूर्णेचा हातही आखडतो. तसे ह्या नदीचे झाले.

नदी आपली आपण स्वच्छ कशी होते, हे एकदा नीट समजून घ्यावे लागेल. नाही तर सरकारने एवढे कोटी खर्च केले आणि तेवढे बुडाले, एवढाच हिशेब हाती राहतो. मी भूगोलाचा माणूस, रसायन मला आमच्या कॉलेजातल्या एका स्नेह्याने शिकवले. त्याने सांगितलेले गणित सोपे आहे. वाहत्या स्वच्छ पाण्यात दर लिटरमागे सुमारे आठ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळलेला असतो. मासे त्यावर जगतात. आता ह्या पाण्यात शहराचे मैलापाणी आले. त्यातली घाण सूक्ष्म जंतू खातात, आणि खाताना प्राणवायू वापरतात. घाण जितकी जास्त तितकी प्राणवायूची मागणी जास्त. ही मागणी मोजण्याची एक ठरलेली परीक्षा आहे. पाण्याचा नमुना बाटलीत बंद करून अंधारात ठेवायचा आणि किती प्राणवायू खर्च झाला ते पाहायचे. इंग्लंडात ही बाटली पाच दिवस ठेवीत, २० अंश उष्णतेत. आपल्याकडे हवा उष्ण, जंतू चपळ. म्हणून २७ अंशांत तीनच दिवस ठेवतात. इंग्लंडातले पाच दिवस कुठून आले? तिथल्या नद्यांचे पाणी फार तर पाच दिवसांत समुद्राला मिळते म्हणून, असे सांगतात. आपली गंगा काही एवढ्या घाईने समुद्र गाठत नाही!

घरगुती मैलापाण्याची ही मागणी लिटरमागे सुमारे दोनशे मिलिग्रॅम येते. म्हणजे एक लिटर मैलापाणी पंचवीस लिटर स्वच्छ पाण्यातला सगळा प्राणवायू फस्त करू शकते. मासे जगायचे तर निदान पाच मिलिग्रॅम शिल्लक हवेत. मग खर्चायला राहिले तीनच. त्या हिशेबाने एका लिटर घाणीला साठ-सत्तर लिटर चांगले पाणी हवे. वाहता वाहता नदी हवेतून नवा प्राणवायू घेत जाते हे खरे, पण त्यालाही अंतर लागते, वेळ लागतो. मध्येच दुसरे शहर आले की आधीचे कर्ज फिटण्याआधी नवे कर्ज चढते.

आता गंगेचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. गोमुखापासून समुद्रापर्यंत ती सुमारे २,५२५ किलोमीटर वाहते. तिच्या खोऱ्यात भारताचा चौथ्या हिश्श्याहून अधिक भूभाग येतो आणि देशातली शंभरातली चाळिसाहून अधिक माणसे तिथे राहतात. आपण ‘गंगा घाण झाली’ म्हणतो, पण सगळी गंगा सारखी नाही. देवप्रयागला अलकनंदा आणि भागीरथी एकत्र येतात तिथे तुम्ही उभे राहिलात तर तळातले गोटे दिसतात. हरिद्वारला ती मैदानात उतरते, आणि तिथेच तिच्यातले पाणी कालव्यात वळवले जाते. खाली नरोऱ्याला आणखी एक कालवा. अशी रोडावलेली नदी कानपूरला येते, आणि नेमके तिथेच तिच्या पदरी सर्वांत अवघड घाण पडते. प्रयागला यमुना मिळते. पण दिल्लीखाली ही यमुना इतकी खंगलेली असते की, चंबळेने वाटेत पाणी दिले नसते तर तिचे नावच उरले असते. पुढे बिहारात घाघरा, गंडक, शोण, कोसी अशा धष्टपुष्ट नद्या येऊन मिळतात आणि गंगा पुन्हा रुंद, भारदस्त होते. सारांश, नदीला सर्वांत जास्त त्रास कुठे आहे? जिथे पाणी सर्वांत कमी आणि वस्ती दाट, त्या कन्नौज-कानपूर ते काशी ह्या टापूत.

सरकारच्या प्रयत्नांची गोष्ट १९७४ च्या जलप्रदूषण प्रतिबंधक कायद्यापासून सुरू होते. त्या कायद्याने केंद्रात आणि राज्यांत प्रदूषण नियंत्रण मंडळे आली. केंद्रीय मंडळाने गंगेच्या खोऱ्याची पाहणी केली, आणि तीत एक गोष्ट स्पष्ट झाली, जी अजून सामान्य माणसाच्या गळी उतरत नाही. नदीतली तीन चतुर्थांश किंवा त्याहूनही जास्त घाण शहरांच्या मैलापाण्याची आहे. कारखान्यांचा वाटा त्यामानाने लहान. अर्थात लहान असला तरी विषारी. निर्माल्य, मूर्ती, अर्धवट जळलेली प्रेते ही डोळ्यांना बोचतात, वर्तमानपत्रांत त्यांची छायाचित्रे येतात. पण आकड्यांत ती मागे आहेत. खरा गुन्हेगार तुमच्या-माझ्यासारखा, सकाळी मोरीत पाणी सोडणारा साधा माणूस आहे.

१९८५ साली केंद्रीय गंगा प्राधिकरण स्थापन झाले आणि १४ जून १९८६ रोजी पंतप्रधान राजीव गांधींनी काशीला गंगा कृती योजनेचा प्रारंभ केला. उत्तर प्रदेश, बिहार आणि पश्चिम बंगालमधली पंचवीस मोठी शहरे निवडली. ह्या शहरांतून रोज १३४ कोटी लिटर मैलापाणी निघत होते. त्यातल्या ८८ कोटी लिटरांची व्यवस्था करायची ठरले. २६१ लहानमोठी कामे आखली. मार्च २००० मध्ये हा पहिला टप्पा संपल्याचे जाहीर झाले तेव्हा सुमारे ४५२ कोटी रुपये खर्च झाले होते आणि साडेशहाऐंशी कोटी लिटरांची क्षमता उभी राहिली होती. कागदावर पाहिले तर काम जवळजवळ पुरे झाले. मग गंगा का सुधारली नाही?

एक कारण तर वरच्या आकड्यातच आहे. मुळातच एक तृतीयांश मैलापाणी हिशेबाबाहेर ठेवले होते, आणि चौदा वर्षांत शहरे काही थांबून राहिली नाहीत. पण ह्याहून मोठे कारण समजून घ्यायचे तर काशीला जावे लागेल.

योजनेची रीत होती ‘अडवा आणि वळवा’. शहरातला नाला नदीला मिळतो तिथे त्याच्या मुखाशी बांध घालायचा, साठलेले मैलापाणी पंपाने वर उचलायचे, मोठ्या गटारात सोडायचे आणि ते शहराबाहेरच्या शुद्धीकरण केंद्राकडे न्यायचे. काशीत कोनियाला पंपघर झाले, दीनापूरला रोज आठ कोटी लिटरांचे केंद्र झाले. सारे उत्तम. पण पंप विजेवर चालतो, आणि वीज? काशीत भारनियमन रोजचेच होते. वीज गेली की पंप थांबे, पंप थांबला की नाला बांधावरून पुन्हा गंगेत. डिझेलची यंत्रे होती, पण डिझेलला पैसे लागतात. आणि पावसाळ्यात गंगेला पूर आला की घाटाकाठची पंपघरे बंदच ठेवावी लागत. केंद्र बांधायला पैसा केंद्र सरकारचा. चालवायचा भार राज्यावर आणि पालिकेवर. जी पालिका आपल्या झाडूवाल्यांचे पगार वेळेवर देऊ शकत नाही ती गंगेसाठी विजेचे बिल भरणार कशी? बांधणे हा लग्नसमारंभ, चालवणे हा संसार. समारंभाला सगळे येतात.

काशीतच ह्या योजनेला सर्वांत मार्मिक टीकाकार भेटला. संकटमोचन मंदिराचे महंत वीरभद्र मिश्र हे हिंदू विश्वविद्यालयात जलप्रवाहशास्त्राचे प्राध्यापकही होते. पहाटे तुळशीघाटावर गंगास्नान करायचे आणि नंतर त्याच पाण्याचे नमुने आपल्या प्रयोगशाळेत तपासायचे, असा त्यांचा नेम. त्यांनी १९८२ मध्ये आपली संस्था काढली. त्यांचे म्हणणे असे की, योजनेने प्राणवायूच्या मागणीकडे लक्ष दिले, पण रोगजंतूंचे काय? विष्ठेतील जंतू मोजण्याची पद्धत आहे; स्नानाच्या पाण्यात शंभर मिलिलिटरला फार तर २,५०० चालतात. कच्च्या मैलापाण्यात हा आकडा कोटीच्या घरात असतो. आता एखाद्या केंद्राने शंभरातले नव्याण्णव जंतू मारले तर आपण टाळ्या वाजवू. पण एक कोटीतून नव्याण्णव टक्के वजा केले तरी एक लाख उरतात! गणित एवढे सोपे होते, पण ते महंतांना करून दाखवावे लागले. पंपांच्या मागे लागण्यापेक्षा उतारावरून आपोआप वाहत जाणारे गटार आणि तलावांची मालिका असावी, तिथे ऊन आणि शेवाळच जंतूंचे काम तमाम करील, असा त्यांचा पर्याय होता. २०१३ मध्ये ते निवर्तले, तोवर ते हेच सांगत राहिले.

त्याच वर्षीच्या हिवाळ्यात मी आईला घेऊन काशीला गेलो होतो. मणिकर्णिकेचा घाट अहिल्याबाईंनी बांधला, पलीकडे शिंद्यांचा, भोसल्यांचा घाट, हे सारे तिला दाखवीत आम्ही नावेतून अस्सीच्या बाजूला आलो. नगव्याजवळ एक काळा नाला गंगेत येत होता. ‘हीच ती अस्सी नदी,’ असे नावाड्याने सांगितले तेव्हा आई क्षणभर गप्प झाली. वरुणा आणि अस्सी ह्यांच्या मधली म्हणून वाराणसी, हे तिने पोथीत ऐकले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी दशाश्वमेधावर ती पाण्यात उतरली. मी काठावर उभा राहून तिला जंतूंचे आकडे सांगू लागलो, तर म्हणाली, ‘तू भूगोल शिकव रे. मला आंघोळ करू दे.’ तिने आचमनही केले. मी केले नाही. मला त्याची अजून थोडी लाज वाटते आणि थोडी वाटत नाही.

जाता जाता कासवांचे सांगतो. योजनेत प्रेतांसाठी दोन उपाय होते: हरिश्चंद्र घाटावर विद्युतदाहिनी, आणि अर्धवट जळलेले मांस खाणारी कासवे. सारनाथला कासवांची पैदास करून ती हजारोंनी गंगेत सोडली. त्यांच्यासाठी काशीच्या घाटांसमोरच नदीचा सात किलोमीटरांचा पट्टा अभयारण्य म्हणून राखला. कल्पना वाईट नव्हती. पण मैलापाणी काही कासवे खात नाहीत. पुढे २०२० मध्ये ते अभयारण्यही रद्द झाले.

कानपूरची कथा निराळी आणि अधिक कडू आहे. तिथल्या जाजमऊ भागात कातडी कमावण्याचे सुमारे चारशे कारखाने. पूर्वी बाभळीच्या सालीने कातडे कमावीत, त्याला आठवडे लागत. क्रोमियमच्या क्षाराने हे काम झटपट होते. पण कातड्यात न मुरलेले क्रोमियम पाण्याबरोबर बाहेर पडते, आणि त्याचे जंतू काहीच करू शकत नाहीत. ते विष गाळात साठते. महेशचंद्र मेहता ह्या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला, आणि सप्टेंबर १९८७ मध्ये न्यायालयाने निकाल दिला. प्राथमिक शुद्धीकरणाची सोय न करणारे कारखाने बंद करा. कारखानदार म्हणाले, आम्हाला परवडत नाही. न्यायालयाने उत्तर दिले त्याचा आशय असा: मजुरांना किमान वेतन परवडत नाही म्हणून जसा कारखाना चालू ठेवता येत नाही, तसाच हाही ठेवता येणार नाही. पुढच्याच वर्षी जानेवारीत न्यायालयाने कानपूरच्या पालिकेलाही फैलावर घेतले.

मग डच सरकारच्या मदतीने जाजमऊला एक सामायिक केंद्र उभे राहिले. १९९४ पासून ते चालू झाले. कारखान्यांचे रोज ९० लाख लिटर पाणी आणि शहराचे २ कोटी ७० लाख लिटर मैलापाणी एकत्र करून शुद्ध करायचे, अशी रचना. एकास तीन हे प्रमाण मुद्दाम ठेवले होते, कारण नुसत्या चामड्याच्या पाण्यात बिचारे जंतूही मरतात. पण कारखान्यांचे पाणी ठरल्याहून जास्त येऊ लागले आणि सारा ताळा बिघडला. केंद्रातून निघालेले पाणी आसपासच्या खेड्यांत शेतीला देत. शुद्ध केलेले म्हणून दिलेल्या त्या पाण्यातून क्रोमियम शेतात गेले, विहिरीत गेले. म्हणजे नदी वाचवायला निघालो आणि शेतकरी सापडला. उलट बाजूने पाहिले तर कातडी कमावणारे हजारो मजूरही आपलेच. कुंभमेळा आला की कारखाने बंद ठेवण्याचा हुकूम निघतो आणि त्यांच्या चुली विझतात. ‘बंद करा’ म्हणायला सोपे आहे. आता नमामि गंगे योजनेत चामड्याच्या पाण्यासाठी रोज २ कोटी लिटरांचे वेगळे केंद्र हाती घेतले आहे; क्रोमियम कारखान्यातच परत मिळवून पुन्हा वापरायचे तंत्रही आहे. हेच आधी व्हायला हवे होते.

मधली वर्षे मी भराभर सांगतो. १९९३ पासून योजनेचा दुसरा टप्पा यमुना, गोमती वगैरे उपनद्यांवर सुरू झाला. नोव्हेंबर २००८ मध्ये गंगा राष्ट्रीय नदी म्हणून जाहीर झाली, फेब्रुवारी २००९ मध्ये राष्ट्रीय गंगा नदीखोरे प्राधिकरण आले, मग जागतिक बँकेचे कर्ज आले. नावे बदलली, नाले तेच राहिले.

१३ मे २०१५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘नमामि गंगे’ला मंजुरी दिली. पाच वर्षांसाठी २० हजार कोटी रुपये. रक्कम मोठी आहेच, पण माझ्या मते महत्त्वाची गोष्ट दुसरी आहे. ह्या वेळी केंद्रे चालवण्याचा खर्चही निदान दहा वर्षे केंद्र सरकारने उचलायचे ठरवले. शिवाय ठेकेदाराशी करार असा की, बांधकामाच्या वेळी खर्चाचे चाळीस टक्केच द्यायचे आणि उरलेले साठ टक्के पंधरा वर्षांच्या हप्त्यांनी, केंद्र नीट चालले तर. सुनेने संसार नीट केला तर दागिने, अशा थाटाची ही अट आहे. पण जुन्या योजनेच्या अनुभवातून शिकून केलेली आहे, हे मान्य करावे लागेल. हरिद्वार आणि काशी इथे ह्या पद्धतीची पहिली केंद्रे झाली. काशीच्या रमना इथले ५ कोटी लिटरांचे केंद्र २०२१ मध्ये सुरू झाले आणि आईला गप्प करणारा तो अस्सीचा नाला तिकडे वळवला गेला. दीनापूरला २०१८ मध्ये १४ कोटी लिटरांचे नवे केंद्र आले. कानपूरचा सीसामऊ नाला हा इंग्रजी अमदानीपासूनचा, रोज १४ कोटी लिटर घाण गंगेत ओतणारा. तोही २०१८ मध्ये अडवला. ज्यांनी तो नाला धो धो पडताना पाहिला आहे त्यांनाच ह्याचे मोल कळेल.

म्हणजे फळ मिळाले का? काही मिळाले. मुख्य प्रवाहात प्राणवायूचे प्रमाण आता बहुतेक ठिकाणी स्नानाच्या मर्यादेत सापडते. डिसेंबर २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी निसर्ग सावरणाऱ्या जगातल्या दहा अग्रेसर उपक्रमांत ह्या योजनेची गणना केली. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गणनेत गंगा आणि ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यांत मिळून ६,३२४ डॉल्फिन आढळले. पण महंतांचा प्रश्न उभाच आहे. २०२५ च्या महाकुंभात केंद्रीय मंडळाने हरित न्यायाधिकरणाला दिलेल्या अहवालात प्रयागला अनेक ठिकाणी विष्ठेतील जंतू मर्यादेबाहेर असल्याचे म्हटले. राज्य सरकारने ते अमान्य केले. मग मंडळाचाच दुसरा अहवाल आला, की सर्व नमुन्यांचे एकत्र गणित मांडले तर पाणी स्नानाला योग्य होते. सरासरी ही मोठी मायावी गोष्ट आहे. नदीची सरासरी खोली चार फूट आहे म्हणून कुणी डोळे मिटून नदी ओलांडत नाही. ज्याने ज्या दिवशी ज्या घाटावर बुडी मारली, त्याला त्या दिवशीचे पाणी मिळाले. आणि पैशाचे म्हणाल तर, महालेखापरीक्षकांनी २०१७ च्या अहवालात दाखवले की, पहिल्या वर्षांत मंजूर रकमेतला बराच पैसा खर्चावाचून पडून होता.

आता पाण्याचा प्रश्न. मघाचे गणित आठवा: एका लिटर घाणीला साठ-सत्तर लिटर पाणी. घाण कमी करणे हा उपायाचा अर्धा भाग झाला. नदीत पाणी असणे हा दुसरा अर्धा, आणि ह्याकडे १९८६ च्या योजनेने पाहिलेच नाही. हरिद्वारचा कालवा १८५४ मध्ये कॉटलीने पुरा केला. आज त्याची क्षमता सेकंदाला सुमारे साडेदहा हजार घनफूट आहे. लाखो एकर शेती त्यावर पिकते, दिल्लीही त्याचे पाणी पिते. १९१६ साली पंडित मदनमोहन मालवीयांनी इंग्रज सरकारशी झगडून हर की पौडीच्या प्रवाहात किमान एक हजार घनफूट पाणी राहील, असे मान्य करून घेतले होते. त्यानंतर शंभर वर्षांनी, ऑक्टोबर २०१८ मध्ये, केंद्र सरकारने नदीत किमान किती पाणी सोडायचे ह्याचा नियम केला. हरिद्वारच्या बंधाऱ्याखाली कोरड्या महिन्यांत सेकंदाला ३६ घनमीटर, म्हणजे सुमारे तेराशे घनफूट. दोन्ही आकडे अगदी एकाच जागचे नव्हेत, तरी शेजारी ठेवून पाहावेत असे आहेत. ज्यांनी ह्या पाण्यासाठी उपोषण मांडले ते गुरुदास अग्रवाल हे कानपूरच्या आय. आय. टी. त प्राध्यापक होते आणि केंद्रीय प्रदूषण मंडळाचे पहिले सदस्य-सचिव होते. उतारवयात संन्यास घेऊन ते स्वामी सानंद झाले. नियम निघाला तेव्हा त्यांना तो अपुरा वाटला. ११ ऑक्टोबर २०१८ रोजी, उपोषणाच्या १११ व्या दिवशी त्यांचे निधन झाले. शेतकऱ्याला पाणी हवे, नदीलाही हवे. ह्या भांडणात कोण खोटे? नहरेच्या पाण्यावर ऊस लावायचा की दुसरे काही, सारीवर पाटाने पाणी सोडायचे की मोजून द्यायचे, हा खरा गंगाशुद्धीचा प्रश्न आहे, असे मला भूगोलाचा माणूस म्हणून वाटते. पण तो पंपघराच्या उद्घाटनाइतका देखणा नाही.

हे सारे तिकडचे, आपला काय संबंध, असे कुणी म्हणेल. केंद्रीय मंडळाने २०२२ मध्ये देशातल्या प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी केली. एकूण ३११ पट्टे. त्यांत सर्वांत जास्त, ५५, महाराष्ट्रातले. उत्तर प्रदेश नव्हे, बिहार नव्हे. पुण्याच्या मुळा-मुठेसाठी २०१६ मध्ये जपानच्या कर्जाने ९९० कोटींची योजना ठरली, तीत अकरा शुद्धीकरण केंद्रे आहेत. गोदावरी, पंचगंगा, इंद्रायणी ह्यांच्याही योजना होतात, आराखडे होतात. तुमच्या गावच्या नदीसाठी असे एखादे केंद्र उभे राहिले की पाटीवरचा कोटींचा आकडा वाचून परत फिरू नका. आत जाऊन तिथल्या माणसाला तीन गोष्टी विचारा. गावातली किती घरे गटाराला प्रत्यक्ष जोडली आहेत? गेल्या महिन्यात पंप किती तास बंद होता? विजेचे बिल कोण भरतो, आणि मागचे भरले आहे का? केंद्रावर एक वही ठेवलेली असते, तीत हे तास लिहिलेले असतात. ती वही पाहायला मागा. आणि दिवस निवडायचा तर पावसाळ्यातला नको. एप्रिल-मे मधला निवडा, नदीत पाणी नसते तेव्हाचा.